कुलपातली विहीर

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि त्या भागात दुसऱ्या वर्षीही पाऊस नव्हता. अहमदपूरच्या पुढं, नांदेड रस्त्यालगतच्या एका खेड्यात मी शाळेवर रुजू झाले. राहायला खोली मिळाली ती एका लिंगायत विधवेच्या घरात. कपाळाला भस्म, बोलणं मोजकं. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं.

गावात पाणी उरलं होतं ते फक्त अक्काच्या विहिरीला. सरकारनं ती ताब्यात घेतली. तोंडावर लोखंडी पत्रा बसवला, कुलूप घातलं. सकाळी टँकर भरून शहराकडं जायचा, मग घरटी दोन घागरी मिळायच्या. कुलपाला हात लावील त्याला तुरुंग, अशी दवंडी पिटली होती.

एका दुपारी भोकरकडचा एक धनगर मेंढरं घेऊन आला. शाळेच्या खिडकीतून मला विहीर दिसायची. मेंढरं त्या झाकलेल्या विहिरीभोवती गोल उभी राहिली, माना खाली घालून. एकही ओरडत नव्हतं. पत्र्याला नाक लावून नुसती उभी. धनगर लांब बसला. त्यानं कुणाला काही मागितलं नाही. अक्का घरातून आली, दगड उचलला आणि कुलूप फोडलं. शेजारी जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण होती, तिच्यात तिनं पाणी शेंदून ओतलं.

संध्याकाळच्या आत पोलीस आले.

"कुलूप कोणी तोडलं?"

"म्याच," अक्का म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून जीपमध्ये बसली.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, केल्याचा पस्तावा होतो का. ती म्हणाली, "तहानलेलं दारात आलं होतं, साहेब. दुसरं काय करायचं व्हतं, तुमीच सांगा." त्यांनी कायद्याचं कलम वाचलं आणि कैद दिली. गावातली जी माणसं कोर्टात गेली होती ती परत आली आणि पारावर न थांबता आपापल्या घरी गेली.

विहिरीला नवं कुलूप लागलं आणि लिंबाखाली एक जमादार पहाऱ्याला बसला. दोनचार दिवसांनी तोच माझ्याकडं आला. चेहरा उतरलेला.

"बाई, त्या डोणीत पाणी कुठून येऊन राहिलंय? कुलूप तर जसंच्या तसं हाय."

मी जाऊन पाहिलं. डोणीच्या तळाशी ओंजळ-दोन ओंजळ पाणी होतं. त्या उन्हात सांडलेलं पाणी बघता बघता सुकायचं, पण डोण काही कोरडी पडत नव्हती. पाखरं यायची, एखादं भटकं वासरू यायचं. दुपारी सगळ्या गावाची दारं बंद असायची आणि त्या शांततेत पिण्याचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. जमादार डोणीकडं पाठ करून बसायला लागला.

मग एकदा मी खिडकीतून नीट लक्ष ठेवलं. घागर घेऊन जाणारी बाई डोणीपाशी किंचित वाकायची आणि थोडं पाणी सांडायची. मागून येणारीही तेच करायची. एकमेकींकडं त्या बघतसुद्धा नव्हत्या. शेजारच्या मुसलमान घरातली म्हातारी तर आंधळी होती. ती हातानं चाचपून डोणीचा काठ शोधायची. हे असं करायचं कुणी ठरवलं, मी विचारलं. बाया घागरी सावरत पुढं गेल्या. दुसऱ्या दिवसापासून माझीही घागर तिथं कलायला लागली. जमादारानं पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मला काही दिसलं नाही." त्यानं बदली मागून घेतली.

अक्का सुटून आली तेव्हा निम्मी झाली होती. तुरुंगात मारलं का, उपाशी ठेवलं का, बाया विचारत राहिल्या. ती नाही म्हणाली.

"तिथं पानी लई हाय," ती मला एवढंच बोलली. "नळ बिघडलेला. रातंदिस गटारीत व्हात राहतो, त्यो आवाज कानातून जात न्हाई. म्या बंद करायला गेले तर म्हनले, हात लावायचा न्हाई."

एवढं सांगून तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.