वाचवलेलं नाणं

एबरहार्ड हेगेले यांना अख्ख्या आळीत कुणी शहाणं म्हणत नसे, आणि याबाबतीत त्यांचंही आळीशी भांडण नव्हतं. दर शनिवारी काळी गाडी धुलाई केंद्रावर न्यायची, साबण लावून धुवायची आणि चामड्याच्या फडक्याने टिपून घ्यायची, हा त्यांचा धर्म. त्या फडक्याला घरात कुणी हात लावायची सोय नव्हती. इथलं पाणी चुनखडीचं. उन्हात थेंब वाळला की पांढरा डाग बसलाच, मग पाण्यात व्हिनेगर कालवून पुसत बसा. शेवटी बिनक्षाराचं पाणी मारलं तर ही कटकट नाही, पण त्यासाठी यंत्रात एक नाणं जास्त टाकावं लागतं.

"हात धडधाकट असताना नाणं कशाला?" हेगेले म्हणत.

या पुसापुशीपायी लेकीच्या, झिबिलेच्या, शाळेचा पहिला दिवस हुकला होता. ते पोचले तेव्हा समारंभ आटोपला होता, आणि पहिल्या दिवशी मुलांना देतात तो खाऊचा कागदी कोन छातीशी धरून पोर शाळेच्या दारात गप्प उभी होती.

"पोरीपेक्षा बॉनेट लाडकं!" बायको म्हणाली, तर हे चक्क हसले होते.

आज तिचं लग्न. चर्चला याच गाडीतून न्यायचं म्हणून हेगेले सकाळीच गाडी धुवायला गेले. नाणं अर्थातच वाचवलं. फडकं पिळतात तोच फोन आला.

"पपा, केस झाले माझे. सलूनमध्ये एकटीच आहे. मला खूप भीती वाटतेय रे. आत्ता येतोस?"

"आलोच! फक्त टप तेवढा..."

पलीकडे सगळं गप्प. हे गप्प होणं त्यांनी बरोबर ओळखलं.

'अरे गाढवा, लग्न पोरीचं आहे, गाडीचं नाही!' त्यांनी स्वतःलाच झापलं, फडकं मागच्या सीटवर फेकलं आणि निघाले. जूनच्या उन्हात बॉनेटवरचे थेंब डोळ्यांदेखत वाळत होते. जीव तीळतीळ तुटत होता. त्याची लाजही वाटत होती.

सलूनसमोर थांबेपर्यंत गाडी अंगभर देवी उठल्यासारखी दिसत होती. पांढऱ्या झग्यातली झिबिले बाहेर आली आणि बघतच राहिली.

"हे काय? पुसली नाहीस?"

"तुझा बाप मूर्ख आहे, बाळ. डिकीत व्हिनेगर आहे, दोन मिनिटांत..."

"खबरदार हात लावलास तर!" म्हणत ती त्यांना बिलगली आणि रडायलाच लागली.

हेगेलेंनी खिसे चाचपले. रुमाल कुठला असायला! मग त्यांनी मागच्या सीटवरचं ते फडकं काढून तिच्यापुढे धरलं, आणि तिने त्यानेच डोळे टिपले.