इतुराल्दे घराचे दोन साक्षीदार

एरामुन दुकानाच्या दाराशी यायचा, टोपी काढायचा आणि उंबऱ्याबाहेर थांबायचा. आतून कुणी "या" म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. एकोणसाठ वर्षं तो नेवाडातल्या आमच्या डोंगराखाली मेंढ्या राखत होता, पण स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क मुलखातून आणलेली ही रीत त्याने सोडली नव्हती. माझं दुकान कसलं, कुंपणाची तार, खिळे, कंदील आणि मागच्या भिंतीला बंदुका. तिथेही तो थांबायचा.

त्या मे महिन्यात तो आला तेव्हा त्याच्या कोटाला धुराचा वास येत होता.

"झोपडं जळालं," तो म्हणाला. "रायफल आत होती. कायोटी कोल्हे कोकरं नेताहेत. दुसरी दे."

मी बंदूक घेणाऱ्याने भरायचा सरकारी फॉर्म काढला. त्याने हात मागे घेतला. "हे मातिन भरायचा."

मातिन त्याचा भाऊ. चार हिवाळ्यांपूर्वी गेला. मातिन वाचायचा, लिहायचा, एरामुन नाव तेवढं टाकायचा, आणि माझे वडील गल्ल्यामागे बसून कानाडोळा करायचे. वडीलही आता नव्हते.

"ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी लिहायचं," मी सांगितलं, "आणि दोन जणांनी साक्षीदार म्हणून सही करायची. विकणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही."

"साक्ष कसली?"

मी एकेका ओळीवर बोट ठेवलं. "जन्म कुठे झाला. उंची, वजन. मग हे, तुम्ही हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश मुळाचे, की हिस्पॅनिक नाही. मग वंश, हे पाच चौकोन. एकही प्रश्न रिकामा ठेवून चालत नाही."

तो कागदाकडे बघू लागला. आभाळाकडे बघतात तसा.

"म्हणजे मी कोण, ते सांगणारी दोन माणसं."

"तसंच काहीसं," मी म्हणालो. मागे एक गिऱ्हाईक खिळ्यांसाठी खोळंबलं होतं.

तिथे माझं चुकलं. दुसऱ्या कुणी रस्त्यावरून दोघांना धरून आणलं असतं. पण या बास्क लोकांत माणसाची ओळख घरावरून असते. आडनाव कागदापुरतं, खरं नाव घराचं. एरामुन इतुराल्दे घराचा. त्याच्या लेखी साक्षीदार म्हणजे ज्याला ते घर ठाऊक आहे तो. अशी दोन माणसं शोधायला तो गेला.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आधी तो गावातल्या जुन्या खाणावळीत गेला. एके काळी तिथल्या लांब टेबलावर चाळीस मेंढपाळ एकाच पातेल्यातलं मटण वाढून घ्यायचे. आता शनिवारी शहरातली माणसं फोटो काढायला येतात. माडीवर गाशुशा राहायची, तिथली जुनी स्वयंपाकीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, चाकांच्या खुर्चीत. मूळ मुलखात तिचं गाव त्याच्या गावासमोर, ओढ्यापलीकडचं.

"इतुराल्दे ना? झऱ्यावरचं घर," ती म्हणाली. "तुझी आई आमच्याकडून चीज उसनं न्यायची. परत द्यायची नाही."

"द्यायची."

"नव्हती देत. सही करते मी. पण हेही लिहून घे त्यात."

एक साक्षीदार झाला. दुसऱ्यासाठी तो सव्वाशे मैल गाडी हाकत विनेमका गावातल्या वृद्धाश्रमात गेला. तिथे दोमेका होता, ज्याच्याबरोबर त्याने अकरा उन्हाळे एका तंबूत काढले होते. दोमेका आपली भाषाही विसरला होता. तो इंग्रजीत पाणी मागत राहिला. एरामुनने त्याला पाणी पाजलं आणि परत आला.

मग तो डोंगरावरच्या अ‍ॅस्पेनच्या राईत गेला. आमच्याकडे बास्क मेंढपाळ त्या पांढऱ्या सालींवर चाकूने नावं कोरायचे, गाव आणि वर्ष घालून. त्याच्या ओळखीची सगळी माणसं तिथे होती. एका खोडावरून दुसऱ्या खोडाकडे जात त्याने ती बोटांनी चाचपून ओळखली. जिवंत कुणी सापडलं नाही.

इकडे दिवसाआड एक कोकरू जात होतं. रात्र रात्र तो पत्र्याचा डबा बडवत कळपाभोवती फिरायचा. बॉइसी शहरातून भाचीचा फोन यायचा, "मामा, विकून टाका मेंढ्या. इकडे या. खोली तयार आहे तुमची."

"खोलीत काय राखू?" तो विचारायचा. पण कोकरं अशीच गेली तर त्या खोलीत जावं लागणार, हे त्यालाही दिसत होतं.

चौथ्या सोमवारी तिघं माझ्या दाराशी येऊन थांबली. एरामुन, खुर्चीतली गाशुशा, आणि खुर्ची ढकलणारा विल्मर. विल्मर पेरू देशातला, शेजारच्या मळ्यावर कंत्राटाने मेंढ्या राखणारा, तिशीतला. मी "या" म्हटलं.

"विल्मर, तू यांना ओळखतोस?" मी विचारलं.

"आता ओळखतो. मळ्यापासून इथवर पंचेचाळीस मैल ऐकतोय. झरा घराच्या मागे. गाय पुढच्या दारातून आत यायची. आजोबा पिऊन ओढ्यात पडले नव्हते, पाय सरकला होता."

"पिऊनच पडले," गाशुशा म्हणाली.

विल्मर स्पॅनिशमध्ये प्रश्न सांगू लागला आणि उत्तरं लिहू लागला. हिस्पॅनिकवर आला तेव्हा त्याने पेन थांबवलं. "हा चौकोन माझा. या की आत, जागा आहे."

"बापाने बाजारात बास्क शब्द उच्चारला म्हणून स्पेनच्या शिपायांनी त्याचे दात पाडले," एरामुन म्हणाला. "दुसरा चौकोन."

मग वंश आला. विल्मरने पाचही नावं वाचली.

"यात आपण कुठे?" एरामुनने विचारलं.

"गोरा, बहुतेक," विल्मर म्हणाला.

"तो?" गाशुशा म्हणाली. "आंघोळ केल्यावर बघू."

एरामुनने सही केली. खोडावर कोरतात तसं एकेक अक्षर उभं, खोल. मग त्या दोघांनी केली.

बंदूक द्यायची की नाही हे विचारायला मी सरकारी तपासणीला फोन लावला. नाव, जन्म, हिस्पॅनिक नाही, गोरा. पलीकडची बाई म्हणाली, द्या.

"घराचं विचारलं तिने?" एरामुनने विचारलं.

"नाही."

"या दोघांचं?"

"तेही नाही." माझ्याच्याने गप्प राहवेना. "एरामुन, कुणीही दोघं चालली असती. त्या दिवशी खिळे घ्यायला आलेला होता ना, तोसुद्धा. मी सांगायला हवं होतं."

गाशुशाने त्याला हळूच विचारलं, "कोकरं किती गेली?"

"अकरा."

मग तो माझ्याकडे वळला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. "कुणीही दोघं कशी चालतील?" एवढंच म्हणाला आणि रायफल घेऊन गेला.

राहिलेली कोकरं वाचली. तो डोंगरावरच राहिला. ऑक्टोबरात गाशुशा गेली. नाताळाला विल्मर कंत्राट संपवून वांकायोला आपल्या घरी गेला, तो परतला नाही.

या वसंतात एरामुन तार घ्यायला आला. तार बांधून झाली तरी उभा राहिला.

"परत तो कागद भरायची वेळ आली तर?"

"मला ठाऊक आहे आता," मी म्हणालो. "झरा मागे, गाय पुढच्या दारातून, आजोबांचा पाय सरकला होता."

"मग तू करशील सही?"

"मला करता येत नाही. मी विकणारा."

त्याने मान हलवली. तारेचं भेंडोळं खांद्यावर घेतलं.

"मग दुकान बंद कर आणि साक्षीला ये," तो म्हणाला, आणि ट्रककडे गेला.