पाण्याकाठच्या मशिदीत आईची आण

आम्ही इस्तंबूलला निघालो त्याच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. तो फौजेत आहे. "पुढच्या पोस्टवर चाललोय. महिनाभर फोन लागायचा न्हाई. आईला बोलू नगंस, जिवाला लय घोर लावून घेईल," म्हणाला. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक फौजी, त्यामुळे असली लपवाछपवी अंगवळणी पडलेली. मी हो म्हणून बसले. केवढा तो शहाणपणा!

मी सांगलीत, विश्रामबागला राहते. आईला गावाहून ओढूनच सहलीला नेलं होतं. तिथं रोज ती मला भावाला फोन लावायला सांगायची, तो बंद लागला की ताटात नुसता हात फिरवून उठायची.

पाचव्या दिवशी आम्हाला एक ऑटोमन काळातली मशीद दाखवायला नेलं. अगदी पाण्याला खेटून उभी, दोन सडपातळ मिनार, उंच खिडक्यांतून समुद्राचा उजेड थेट गालिच्यावर आलेला. दारात मला स्कार्फ बांधावा लागला, आईचा पदर डोक्यावर होताच. आत गेल्या गेल्या ती काहीतरी शोधू लागली आणि पिशवीतून तिनं हिरवा गलेफ काढला. गावच्या पीराच्या कबरीवर नवसाला चढवतात तसली चादर. गावाहून कधी घेतला होता कुणास ठाऊक!

"पीर कुठं हाय गं?"

"इथं पीर नसतो, आई. ही मशीद आहे, दर्गा नाही. इथं नुसती नमाज पढतात."

"मग माझं गाऱ्हाणं कुणापुढं घालू?"

मला तिचा राग आला. खरं तर माझाच. "सगळे बघतायत, आत ठेव ते," मी खेकसले. तिनं निमूट घडी घातली, गालिच्यावर बसली, मला शेजारी ओढलं आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"माझी आण हाय तुला. त्याचं काय ठावं हाय का?"

खोटी आण घेतली तर जिच्या डोक्यावर हात तिचंच वाईट होतं, हे लहानपणी तिनंच आम्हाला शिकवलेलं. मला भीती वाटली, लाजही वाटली. तरी मी "नाही" म्हणाले.

आईनं मोठा श्वास सोडला. "मग तो बरा हाय. तुला सांगितल्याबिगर तो कुठं जायचा न्हाई."

त्या दुपारी ती पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. मी ताटात नुसता हात फिरवत बसले, तर जेवत का नाहीस म्हणून मलाच रागावली.