आठव्यात हलू नये

आठवा महिना लागला आणि माझ्या चपला मला होईनाशा झाल्या. नवऱ्यानं गोल बाजारातून पुरुषी रबरी चप्पल आणून दिली. तिच्यात सुजलेले पाय कोंबून मी बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत फटक फटक फिरायची आणि चिडायची. कूस बदलायची तर पलंगाचा कठडा धरावा लागे. घोटभर पाणी प्यायलं तरी छातीत जळजळ. शेजारच्या दीदी म्हणायच्या, "चेहरे पे क्या रौनक आई है!" मनात म्हणायची, या एकदा माझ्या जागी, मग बघू रौनक.

पण जीव अडकला होता नागपूरला, रेल्वेनं पाच तास दूर. आई तिथं भावाकडे अंथरुणाला खिळलेली, दोन्ही किडन्या गेलेल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, ते कधीच बारगळलं. मला फक्त तिला एकदा बघायचं होतं, तिचा हात पोटावर ठेवून घ्यायचा होता. "नेऊन सोडा ना मले," म्हणून नवऱ्याच्या मागं लागले. डॉक्टरीणबाईंनी बीपी बघून नाही म्हटलं, सासूबाईंनीही नाही म्हटलं. शेवटी आईच फोनवर ओरडली, "आठव्यात हलू नये, समजत नाही का तुले? गावाची शीव ओलांडली तर याद राख!" एवढा आवाज कुठून काढला तिनं, देव जाणे. फोन ठेवून मी ढसाढसा रडले.

मग एके दिवशी नवरा म्हणाला, "कंपनी बाहेरगावी पाठवून राहिली." दोन दिवसांनी दुपारी परतला तो थेट मागच्या नळावर आंघोळीला. मला काही वाटलं नाही. उरला भागातल्या रोलिंग मिलमधून आला की तो तसाही आधी नळावरच जातो, अंगावरची काळी धूळ घरात नको म्हणून.

संध्याकाळी दिवा लावायला उठले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, वाकू नको." बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा देवाकडे फिरकलाच नाही. पूजाही सासूबाईंनीच केली. दुपारी दीदी सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन आल्या. सासूबाईंनी वाटी दारातच घेतली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. शिऱ्यासाठी मी जीव टाकते हे त्यांना चांगलं माहीत होतं, तरी मला बोटभर दिला नाही.

मी काही खुळी नाही. बाबा गेले तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. लग्न झालेल्या लेकीला आईबापाचं सुतक तीन दिवस, जावयालाही, आणि तेव्हाही याच बाईंनी मला देवापासून, प्रसादापासून असंच लांब ठेवलं होतं. भिंत धरून मी खाली बसले. पोटात बाळ ढुशा देत होतं. भावाला फोन लावला. "आई झोपली आहे," तो म्हणाला आणि खोकत राहिला. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण विचारलं नाही तोवर आई होती. आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता जेवायचो. घास तोंडात नुसता फिरायचा, पोटातल्यासाठी म्हणून गिळायचा. संताप यायचा सगळ्यांचा, त्या पोटातल्याचासुद्धा.

चौथ्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच पाणी तापवलं. "ये पोरी, डोक्यावरून न्हाऊ घालतो. बरं वाटन." मी स्टुलावर बसले. त्या मागून पाणी ओतत होत्या, सुतक फिटतं तेव्हा घालतात तसं. मग मात्र माझ्यानं राहवलं नाही.

"माझी आई शेवटी काही बोलली का?"

तांब्या बादलीत पडला. त्या म्हणाल्या, "तुले कोणं सांगितलं?"

"तुम्हीच."

त्या ओल्या फरशीवरच बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मग म्हणाल्या, "तुलेच बोलावून राहिली होती ग. मंग तुह्या नवऱ्यानं सांगितलं, गाडीत बसली, येऊन राहिली. तुही आई घडीघडी विचारे, कुठवर आली माही पोरगी? हा सांगे, डोंगरगढ गेलं. मंग सांगे, गोंदिया गेलं."

"मग?"

"भंडारा आलं म्हणून सांगितलं, तवा तिनं डोळे मिटले."

भंडाऱ्याहून नागपूर तासाभरावर आहे.