पान उलटून बघ

फोन आला तेव्हा मी इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात, ओल्या मातीत गुडघे टेकून एक पान उलटत होतो. तिथे एरवी रेंज नसते, नेमकी त्या रविवारी होती. भाची म्हणाली, "मामा, आई गेली..." आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, पण मी आत्ताच बघितलंय!"

शैलाताई माझी थोरली बहीण. इंदूरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली आणि पावसाळाभर दर रविवारी मला रानात ओढू लागली. ती फुलं ओळखायची. मी डबा सांभाळायचो आणि कुरकुरायचो. ओळख न पटलेल्या फुलाला ती 'पाहुणी' म्हणायची. पाहुणीला तोडायचं नाही, उगाच नाव चिकटवायचं नाही. मी घाईघाईत काही ठोकून दिलं की इंदुरी ढंगात म्हणायची, "रुक जा भिया, पान उलटून बघितलंस का? अर्धी ओळख खालीच असते." वैताग यायचा, खरं सांगतो. पोटात कावळे ओरडतायत आणि ही बाई भिंग घेऊन पालथी!

यंदा ओढ्याकाठी एक फिकट, ठिपक्यांचं इवलंसं फूल दिसलं तेव्हा मात्र तिला वाकवेना. धाप लागली होती. नुसता फोटो काढून परतलो, आणि त्याच आठवड्यात ती दवाखान्यात. भाचीने मोबाइलवरून फुलाचं नाव काढलं, तर ही नाकातली नळी सरकवत म्हणते, "मोबाइलने पान उलटलं होतं का?... खालून हिरवं असेल तर एक नाव, जांभळं असेल तर दुसरं. तू बघून ये रे. मग सांगते. जल्दी ये हां."

म्हणून गेलो होतो, एकटा.

आता फार थकलोय. दिवसकार्य झालं, माणसं आपापल्या गावी गेली. रविवारी जाग येते आणि मी कूस बदलून पडून राहतो. भाची म्हणते, आईच्या पुस्तकात बघू, सापडेल नाव. सापडेलही. मला ते तिच्या तोंडून हवं होतं.

काल भाजी घ्यायला गेलो. पालकाची जुडी हातात घेऊन उभा होतो, तर भाजीवाला म्हणाला, "क्या भियाजी, ताजी है, पलट-पलट के क्या देख रहे हो?" जुडी पिशवीत टाकून पैसे दिले... जांभळं होतं गं ताई. खालून गर्द जांभळं. सांग ना आता नाव.