भाड्याचा फेटा आणि सोसायटीची भिंत

स्वतःसारखं दिसण्यासाठी मी एकदा भाड्याने कपडे आणले होते.

त्याला कारण आमची कन्या ऋचा. ती कॉलेजात अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांच्या साहित्याचा आणि कलेचा अभ्यास करते. (“याचा उपयोग काय?” असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात त्या प्रश्नाला बंदी आहे.) मेक्सिकोहून वगैरे तिकडे गेलेल्या कुटुंबांनी म्हणे आपल्या वस्तीच्या भिंतींवर आपलीच माणसं रंगवली, कारण दुसरं कोणी त्यांना चित्रात घेतच नव्हतं. आता ऋचाला सुरतच्या दिंडोली भागातल्या आमच्या सोसायटीची रस्त्याकडची भिंत मिळाली होती. तिच्यावर ती सुरतेतला खानदेशी माणूस काढणार होती.

“पप्पा, रविवारी माझ्यासमोर बसाल?”

मी! माझे वडील अमळनेरकडून इथे मागावर कामाला आले. मी इथेच जन्मलो, बँकेत लागलो. तरी ऑफिसात मी ‘मराठी’ आणि गावी गेलो की ‘सुरतवाले’. चहा दोन्हीकडे मिळतो, पण पाहुण्यासारखा. एकदा भिंतीवर चढलो की प्रश्नच मिटला, असं मला अगदी मनापासून वाटलं.

पण भिंतीवर चढायचं तर मराठी दिसायला नको? शाळांच्या गॅदरिंगला कपडे देणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदाराने ‘मराठी सेट’ काढला: शिवलेला फेटा, चिकटवायच्या मिशा आणि प्लॅस्टिकची तलवार. फेटा सातवीतल्या मुलाच्या मापाचा होता. तो डोक्यात शिरेना, नुसता वर बसला.

रविवारी खाली उतरलो, तर शेजारचे जयंतीभाई गेटवरच भेटले. “केम भाई, नाटकमां काम मळ्युं?”

“अहो, ती तलवार तरी घरात ठेवा!” बायको गॅलरीतून ओरडली. घामाने एक मिशी सुटून ओठावर आली. तेवढ्यात माय, म्हणजे माझी आई, काय गडबड आहे ते बघायला आली. तिने मला खालून वर न्याहाळलं आणि ऋचाला विचारलं, “हाऊ कोन शे वं?”

“आजी, पप्पा आहेत!”

“याना बापनी जलममा फेटा बांधा नई! टोपी घाले तो!”

सगळे हसले. ऋचा हसली नाही, तेच जास्त लागलं.

“पप्पा, तिकडच्या लोकांचंही हेच दुखणं होतं,” ती म्हणाली. “सिनेमात त्यांना मोठी टोपी आणि गिटार देऊन उभं करायचे. ते म्हणाले, आम्ही रोज असे नसतो.”

“मग मी रोज कसा असतो?”

“तेच तर काढायचंय मला.”

खरं सांगतो, वाईट वाटलं. आपण कोण ते दाखवायला मी शाळकरी पोरांच्या दुकानात गेलो होतो! फेटा काढला आणि तिच्यासमोर बसलो.

चित्र झालं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कोपरात हेल्मेट, एका हातात भाकरीचा डबा, दुसऱ्या हातात लोचोचं, म्हणजे इथल्या वाफवलेल्या फरसाणाचं, पार्सल. मला ते फार आवडलं. मी रोज संध्याकाळी भिंतीपाशी घुटमळू लागलो. (फिरायला, असं घरी सांगायचो!) पण मला कोणी ओळखेल तर शपथ! एक जण म्हणाला, “हा तर आमचा मेहुणा!” जयंतीभाईंना त्यात त्यांचा मोटाभाई दिसला.

एके दिवशी जवळच्या नवागाम वस्तीतला एक माग-कारागीर पाळी संपवून चालला होता. चित्रासमोर थांबला. बराच वेळ पाहत राहिला. मी पोट आत घेतलं, मान चित्रातल्यासारखी वळवली. त्याने मोबाइल काढला. अखेर!

“भाऊ, जरासा बाजूले सरका,” तो म्हणाला. “गावले माय इचारस, तू सुरतमा कसा ऱ्हास? तिले हाऊ फोटू धाडसू.”

मी पोट सोडलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे उभा राहिलो. तिथून पाहिलं, तर भिंतीवर खरंच तोच होता. मला आपलं उगीचच इतके दिवस वाटत होतं, मी आहे म्हणून!