वारा लागू नये म्हणून

नोकरीत कितीतरी प्रेतं पाहिली आणि त्यांतली बरीचशी विसरलोही. पण एका जुन्या पांढऱ्या व्हॅनमधली बाज आणि त्या बाजेवर प्राण सोडलेला म्हातारा अजून डोक्यातून जात नाही. आज ती हकीकत लिहितो आहे. नाव कोणाचंच देणार नाही, गावाचंही नाही.

तेव्हा मी दारव्हा भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हिवाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून मी बंदोबस्ताचे कागद बघत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. हवालदारानं जरा वेळ ऐकलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे एक बाई रडत होती.

"साहेब, माह्या बाबाले मारलं. माह्या भावानंच मारलं. आता जाळाले नेऊन राह्यले. लवकर या."

निघालेली अंत्ययात्रा थांबवणं हे पोलिसाचं सगळ्यात नकोसं काम. आम्ही पोचलो तेव्हा तिरडी बांधून तयार होती. विस्तवाचं मडकं धरून मुलगा पुढे उभा होता. चाळिशीचा, कापूस-तुरीची शेती करणारा, रापलेला माणूस. "प्रेत पोस्टमॉर्टेमला न्यावं लागेल," असं म्हटल्यावर गावकरी खवळले. त्यानं मात्र मडकं खाली ठेवलं आणि बाजूला झाला. निर्दोष माणूस आधी भांडतो, असा माझा अनुभव होता. हा भांडला नाही, हे मी मनात टिपून ठेवलं. माझा स्वभाव मुळातच शंकेखोर. बायको म्हणते, मी वरणाचासुद्धा पंचनामा करतो.

फोन करणारी त्याची मोठी बहीण होती. तिला वणीला दिलेलं होतं, नवरा वारलेला, मूलबाळ नव्हतं, आणि बातमी कळताच ती धावत आली होती. ठाण्यात आणून तिचा जबाब घेतला. बापाच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, त्याला तपासणीसाठी अधूनमधून यवतमाळला न्यावं लागे. आदल्या दिवशी भाऊ आणि भावजय त्याला घरच्या व्हॅनमधून घेऊन गेले आणि परतीच्या वाटेवर त्यानं प्राण सोडला.

"बोरी अरबले चहा पाजला म्हन्ते बाबाले. त्याच्यातच काहीतरी देल्लं. सडकेवरचं वावर आताच बाबानं त्याच्या नावावर केलतं. काम झालं ना त्याचं! अन् जाळाची एवढी घाई कायले?"

सडकेकडची जमीन नुकतीच मुलाच्या नावावर झालेली, म्हणजे संशयाला जागा होती. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, व्हॅन ताब्यात घेतली आणि मुलाला समोर बसवलं.

तो खाली मान घालून बोलत होता. बापाला एस.टी.त चढवता येत नव्हतं, ऑटोत हाडाला हिसके बसत, म्हणून लोहाऱ्याच्या एका जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून त्यानं ही व्हॅन घेतली होती. आपल्याकडे जुनी गाडी घेताना माणूस सीटचं कव्हर बघतो, रंग बघतो, हॉर्न वाजवून बघतो, खाली वाकून कोणी बघत नाही. यानंही नारळ फोडला, पुढे लिंबू-मिरची बांधली. रोज सकाळी तो ती गाडी बैल धुवावा तशी धुवायचा. टायर नवे टाकले, ऑइल बदललं. सायलेन्सर तेवढा फडफडत होता, त्याला पत्रा गुंडाळून तार आवळली होती.

"आवाजच तं येते, मनलं. कापूस निंगाला का बदलू."

"चहात काय टाकलंस?"

"चहात कायले काही टाकू, साहेब? दोन घोट घेतले बाबानं. मने गुंगी येऊन राह्यली. मनलं, झोपा. मले वाटलं, बरं झालं, हिसके लागनार नाही."

"तुला काही झालं नाही?"

"डोकं ठनकत होतं. बायकोले दोनदा उलटी झाली. गाडी लागली असन, मनलं."

तासन्‌तास विचारलं, दरडावलं. उत्तर बदललं नाही. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो. हा प्रत्येक वेळी तेच आणि तेवढंच सांगत होता. मला ते आवडलंही नाही आणि त्याला सोडून द्यायलाही मन धजत नव्हतं.

मग डॉक्टरांचा फोन आला. व्हिसेरा राखून ठेवला होता, पण रक्त आणि कातडी त्यांना नको तितकी लालभडक दिसत होती. "मला हे विष पोटातून गेलेलं वाटत नाही. छातीत गेलेलं वाटतं. बंद खोलीत शेगडी होती का?" त्यांनी विचारलं. शेगडी नव्हती. पण पंचनाम्याच्या वेळी घरात काढून ठेवलेल्या म्हाताऱ्याच्या धोतराची पायाकडची कड काजळी धरल्यासारखी काळपट दिसली होती, ती मला आठवली.

मी आवारात उभ्या असलेल्या व्हॅनकडे गेलो. मधली-मागची सीट काढून आत बाज ठेवलेली होती. तिचे पायाकडचे दोन खूर डिकीबाहेर आले होते. मुलाला विचारलं, गादी का नाही टाकली?

"बाबानं आयकलं नाही. जनम बाजेवर गेला, मने. बाज असन तं येतो, नाही तं घरीच मरू द्या. खूर कापतो मनलं, तं शिव्या देल्या. त्याहीच्या हातची बाज होती थे."

म्हणजे दर खेपेला डिकीचं दार अर्धवट उघडं ठेवून दोरानं बांधलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्या बाजेवर आडवा झालो. दार तसंच बांधलं, माझ्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या आणि यवतमाळच्या रस्त्यानं गाडी हाकायला सांगितली. जमादार स्टूल टाकून माझ्या शेजारी बसला, रुमाल नाकाला लावून. आधी नुसता धुराचा वास आला, मग तोही येईनासा झाला. डोकं जड झालं आणि काहीतरी मऊ, बरं वाटू लागलं. डोळे मिटावेत असं वाटत होतं, भीती अजिबात वाटत नव्हती. जमादारानं आरडाओरडा करून गाडी थांबवली आणि मला हात धरून बाहेर ओढलं. चहाचं ते वाटेतलं गाव, बोरी अरब, अजून यायचं होतं.

मोटार वाहन निरीक्षकानं गाडी तपासली. फाटका सायलेन्सर आणि मागचं उघडं दार असलं की चालती गाडी आपलाच धूर आत ओढते, असं त्यानं लेखी दिलं. पुढे प्रयोगशाळेलाही पोटात विष सापडलं नाही, रक्तात धुरातला विषारी वायू सापडला. मुलगा आणि पुढे त्याच्या शेजारी बसलेली बायको वाचली ती त्याच्या खर्र्यामुळे, तंबाखू-सुपारीमुळे. पिचकारी टाकायला आपल्या बाजूची काच त्यानं खाली ठेवली होती. म्हाताऱ्याजवळच्या खिडक्या मात्र घट्ट बंद होत्या, वरून, थंडी वाढली म्हणून, या खेपेला फटीतही चिंध्या कोंबलेल्या.

नवरा-बायकोला बसवून मी सगळं समजावून सांगितलं. सुटलास, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तो आधी बोलला.

"म्हंजे मीच मारलं ना, साहेब?"

तेवढ्यात शेजारी बसलेली त्याची बायको फुटली. "यायनं नाही! खिडक्या लावाले ताईनंच सांगतलं होतं. रोज फोन करून सांगे, बाबाले वारा लागू देऊ नका, फटीत चिंध्या लावा. अन् आता यायलेच खुनी मन्ते!"

"चूप राह्य तू," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून त्यानं हात जोडले. ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदा त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. "साहेब, हे ताईले सांगू नका. तिनं मले खुनी मनलं, थे मी सोसतो. माही बायको हाये, लेकरं हायेत. तिले कोनी नाही. तिले हे समजलं तं ती जगनार नाही."

जबाबात मी एवढंच लिहिलं की खिडक्या बंद होत्या. कोणाच्या सांगण्यावरून, हे कायद्याला लागत नव्हतं. प्रकरण अपघाती मृत्यू म्हणून मिटलं.

बहिणीला कारण सांगायचं काम माझ्याकडेच आलं. ती व्हॅनपाशी उभी राहून ऐकत होती, भाऊ चार पावलांवर होता. विष नव्हतं हे ऐकून ती आधी सुटल्यासारखी दिसली. मग तिचा चेहरा पुन्हा कडक झाला.

"एक खिडकी तरी उघडी ठेवाची होती, साहेब. बाबाजवळची एक. काहून नाही ठेवली यानं?"

मी भावाकडे पाहिलं.

"चुकलंच माहं, ताई," तो म्हणाला.

ती त्याच्याशी पुढे बोलली, पण पूर्वीसारखी नाही. दिवाळीला यायची, ओवाळायची आणि बापाचा विषय निघाला की त्या खिडकीचं बोलून दाखवायची. हे मला त्यानंच सांगितलं, गेल्या वर्षी. बहीण वारल्यावर तो मुद्दाम माझ्या घरी आला होता. "आता कोनाले सांगतलं तरी चालते, साहेब," म्हणाला. म्हणून हे लिहिलं.

खरं शोधून काढणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं. त्यानं त्या घरातलं कोणी सुखी झालं नाही. गप्प माणूस म्हणजे गुन्हेगार, हा माझा जुना हिशेब मात्र त्या दिवशी कायमचा मोडला.

तो माझ्या घरून परत निघाला तेव्हा मी व्हॅनचं विचारलं. अजून दारातच आहे, म्हणाला. विकत नाही, चालवतही नाही. रोज सकाळी धुतो आणि सगळ्या खिडक्या उघडून ठेवतो.